हकालपट्टीचा उपासक

उत्तर लंडनमधील हायबरी आणि हॉलोवे या भागांत 2006 ते 2018 या कालखंडात एक विशिष्ट मनुष्यप्रकार मोठ्या संख्येने आढळत असे. आर्सेनल या फुटबॉल क्लबचा पिढीजात पाठीराखा असलेला हा गृहस्थ, क्लबच्या मॅनेजरची हकालपट्टी व्हावी म्हणून वर्षानुवर्षे तळमळत असे आणि त्या तळमळीपायी पैसा, घसा व घरातील शांतता खर्ची घालीत असे. अखेर 20 एप्रिल 2018 रोजी त्याच्या मनासारखे झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्याने जे केले त्याची उपपत्ती लावणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. कारण तो रडला.

इंग्लंडमधील फुटबॉलचा मॅनेजर हा परंपरेने केवळ खेळाडूंकडून सराव करून घेणारा प्रशिक्षक नसतो. कोणता खेळाडू किती पैशांना घ्यायचा, कोणाला विकायचे, संघ कोणत्या पद्धतीने खेळवायचा, इतकेच नव्हे तर खेळाडूंनी काय जेवायचे हेही तोच ठरवतो, आणि म्हणून क्लबमध्ये जे जे बिघडते त्याचे खापर कोणाच्या डोक्यावर फोडावे याचा शोध पाठीराख्याला कधीच घ्यावा लागत नाही. आर्सेन वेंगर 1996 मध्ये या पदावर आले ते जपानमधील नागोया ग्रॅम्पस या क्लबातून. अर्थशास्त्राची पदवी घेतलेला, चष्मा लावणारा, शब्द मोजून वापरणारा हा फ्रेंच माणूस त्या वेळी लंडनला इतका अपरिचित होता की ‘आर्सेन कोण?’ अशा अर्थाचा मथळा तेथील सायंदैनिकाने छापला. हा प्रश्न त्या काळी आपणही विचारला होता, हे आपला पाठीराखा कधीच कबूल करीत नाही; उलट, पहिल्याच दिवशी या माणसाच्या चालण्यावरून आपण ओळखले होते, असे तो छातीठोकपणे सांगतो.

त्यानंतरची आठ वर्षे हा त्याच्या आयुष्यातील पुराणकाळ होय, आणि पुराणकाळाबद्दल बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली उतरतो. वेंगर यांनी खेळाडूंच्या ताटातून चॉकलेटे हद्दपार करून उकडलेल्या भाज्या आणल्या, 1998 आणि 2002 मध्ये इंग्लंडमधील सर्वोच्च लीगचे विजेतेपद व बाद पद्धतीच्या स्पर्धेचा एफए चषक ही दोन्ही एकाच हंगामात मिळवली (याला तेथे ‘डबल’ म्हणतात), आणि 2003-04 च्या हंगामात लीगमधील 38 सामन्यांपैकी 26 जिंकून व 12 बरोबरीत सोडवून एकही न हरण्याचा पराक्रम करून दाखवला. अपराजित सामन्यांची ही माळ पुढे 49 पर्यंत लांबली आणि ऑक्टोबर 2004 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर तुटली. त्या सामन्यातील पेनल्टी चुकीची दिली गेली, हे मत पाठीराख्याने मुलांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलेले असते.

अडचण सुरू झाली ती 2006 मध्ये, क्लबने हायबरीचे जुने, आटोपशीर मैदान सोडून जवळच बांधलेल्या साठ हजार प्रेक्षकांच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये मुक्काम हलवला तेव्हा. जुन्या मैदानाच्या जागी सदनिका झाल्या, नव्या मैदानाच्या डोक्यावर कर्ज झाले, आणि ते फेडण्याच्या काळात चांगले खेळाडू वाढवायचे व ते श्रीमंत क्लबांना विकायचे असा क्रम पडला. 2012 मध्ये तर कप्तान रॉबिन व्हान पर्सी खुद्द मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिल्याच हंगामात तेथे लीगविजेता ठरला. 2005 ते 2014 या नऊ वर्षांत आर्सेनलला एकही चषक मिळाला नाही. वेंगर मात्र दरवर्षी न चुकता पहिल्या चारांत येत राहिले. पहिले चार क्लब युरोपातील सर्वांत मानाच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेला पात्र होत असल्यामुळे, चौथा क्रमांक हाही एक प्रकारे चषकच आहे, असे त्यांनी एकदा सांगितले. ते हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर होते आणि म्हणूनच पाठीराख्याने त्यांना त्याबद्दल कधी क्षमा केली नाही.

हा पाठीराखा सीझन तिकीट बाळगतो. सीझन तिकीट म्हणजे हंगामातील घरच्या सामन्यांसाठी एकच ठरलेली खुर्ची. तिची किंमत डोळे पांढरे करणारी असते, ती बापाकडून मुलाकडे जाते आणि एकदा सोडली तर परत मिळण्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते. वेंगर यांचे या पाठीराख्याच्या मनातील स्थान समजून घ्यायचे असेल तर एकत्र कुटुंबातील करत्या आजोबांचे उदाहरण उपयोगी पडेल: ज्यांच्या काटकसरीला, हट्टाला आणि त्याच त्या गोष्टींना घरातील प्रत्येक जण माजघरात बसून नावे ठेवतो, परंतु ज्यांच्याविषयी शेजाऱ्याने एक शब्द काढला की तेच सारे जण बाह्या सरसावून ओटीवर येतात. टॉटनहॅमच्या, म्हणजे चार मैलांवरील हाडवैरी क्लबच्या, कोणी मनुष्याने वेंगर संपले असे म्हटले, तर हकालपट्टीचा हा कट्टर पुरस्कर्ता त्याला 1998 पासूनचा इतिहास तारीखवार ऐकवतो आणि घरी येऊन पुन्हा हकालपट्टीच्या मागणीला लागतो. डिसेंबर 2014 मध्ये स्टोक येथे 3-2 असा पराभव झाल्यावर काही पाठीराख्यांनी रेल्वे फलाटावर गाडीत चढणाऱ्या वेंगर यांची हुर्यो उडवली; तो प्रकार त्याला मनापासून आवडला नाही, कारण तेथे स्टोकचे लोक पाहत होते.

त्याच्या आंदोलनाच्या पद्धती अभ्यासनीय आहेत. एप्रिल 2016 मध्ये नॉरिचविरुद्धच्या सामन्यात बदलाची मागणी करणारे छापील फलक एकदम उंचावण्याचे ठरले, आणि लीगचे विजेतेपद मिळून बारा वर्षे लोटली म्हणून त्यासाठी बारावे मिनिट व शेवटाला बारा मिनिटे उरतात ते अठ्ठ्याहत्तरावे मिनिट मुक्रर करण्यात आले. क्रांती घड्याळ लावून करण्याचा हा इंग्रजी रिवाज नीट पार पडला, फलक वर झाले; मात्र त्याच क्षणी स्टेडियमच्या उरलेल्या भागाने वेंगर यांच्या नावाचा जयघोष सुरू केला, आणि फलक धरलेल्यांपैकी काहींचे ओठ सवयीने त्या जयघोषाबरोबर हलले असावेत, अशी दाट शंका घ्यायला जागा आहे. आर्सेनलने तो सामना 1-0 असा जिंकून आंदोलनाची पुरती पंचाईत केली.

यापेक्षा उंचीचा, शब्दशः उंचीचा, प्रसंग 18 मार्च 2017 रोजी वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर घडला. वेंगर यांना नवा करार देऊ नका, त्यांना घालवा, अशा मजकुराचे लांब कापड शेपटीसारखे मागे बांधून एक भाड्याचे विमान मैदानावर घिरट्या घालून गेले. पाठोपाठ दुसरे विमान आले आणि त्याच्या शेपटीवर वेंगर यांच्यावरील श्रद्धेची ग्वाही होती. खाली संघ 3-1 असा हरत होता आणि वर पाठीराख्यांची वर्गणी आकाशात परस्परांना छेद देत होती. पहिल्या विमानासाठी पैसे देणाऱ्या आणि दुसरे विमान दिसताच घशाशी काही दाटून आल्यामुळे खोकल्याचे निमित्त करणाऱ्या माणसाची कल्पना ज्याला करता येत नाही, त्याला हा प्रकार कळला असे म्हणता येणार नाही.

‘वेंगर आउट’ ही दोन शब्दांची घोषणा पुढे इतकी स्वयंभू झाली की तिला फुटबॉलचीही गरज उरली नाही. अमेरिकेतील कुस्तीच्या आखाड्याभोवती तिचे फलक दिसले; नोव्हेंबर 2017 मध्ये झिंबाब्वेच्या हरारे शहरात राष्ट्राध्यक्ष मुगाबे यांनी सत्ता सोडावी म्हणून लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या गर्दीतही कोणीतरी हाच फलक घेऊन उभा होता. सदतीस वर्षे सत्तेवर असलेले मुगाबे काही दिवसांतच पायउतार झाले. वेंगर त्यानंतरही पाच महिने टिकले.

या प्रकाराची एक उपजाती मुंबई-पुण्यातही नांदते, तिची नोंद येथे करणे आवश्यक आहे. उपग्रह वाहिन्यांवरून अपराजित हंगामाचे सामने पाहून दीक्षा घेतलेल्या या तरुणाने हायबरी कधी पाहिलेले नसते आणि सीझन तिकिटाची झळ त्याला लागलेली नसते. त्याचा त्याग निद्रेच्या स्वरूपाचा असतो. मार्च 2017 मध्ये म्युनिकच्या बायर्न संघाने आर्सेनलला सलग दुसऱ्यांदा 5-1 असे हरवून दोन सामन्यांची बेरीज 10-2 केली, तो सामना भारतात रात्री सव्वा वाजता सुरू झाला होता. घरचे जागे होऊ नयेत म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून पाचही गोल मूकपणे सोसणाऱ्या आणि सकाळी नऊला कचेरीत हजर होणाऱ्या या मनुष्याला ‘झोप झाली नाही का?’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांचे क्रिकेटप्रेम विशेषच टोचत असे. वेंगर यांना घालवण्याच्या बाबतीत तो लंडनकरापेक्षा जहाल, आणि त्यांच्याविषयी हळवे होण्याच्या बाबतीत कांकणभर अधिकच.

पाठीराख्याचा सर्वांत मोठा शत्रू पराभव नव्हता, अवेळी येणारा विजय होता. त्याने हकालपट्टीचा खटला पुराव्यानिशी उभा करावा आणि वेंगर यांनी नेमका त्याच वर्षी एफए चषक आणावा, असे 2014, 2015 आणि 2017 असे तीन वेळा झाले. शेवटच्या खेपेला तर विमाने उडवून झाल्यावर, लीगमध्ये वीस वर्षांत प्रथमच पहिल्या चारांबाहेर फेकले गेल्यावर, संघाने अंतिम सामन्यात लीगविजेत्या चेल्सीला 2-1 असे हरवले, आणि चार दिवसांत वेंगर यांचा करार दोन वर्षांनी वाढला. त्या दिवशी वेम्ब्ली स्टेडियममध्ये अनोळखी माणसाला मिठी मारून नाचताना त्याचा आनंद खोटा नव्हता. फक्त नाचता नाचता आता आणखी दोन वर्षे ओरडावे लागणार, हा विचार त्याला शिवून गेला आणि तोही त्याला सर्वस्वी अप्रिय वाटला नाही.

2018 च्या वसंतात त्याने शेवटचे अस्त्र काढले: तो गेलाच नाही. मार्चच्या आरंभी, बर्फ पडत असताना झालेल्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात हजारो लाल खुर्च्या उघड्या पडल्या. परंतु क्लब उपस्थिती मोजत असे ती विकलेल्या तिकिटांवरून, आणि तिकीट तर त्याने हंगामाच्या आधीच विकत घेतले होते. त्यामुळे जाहीर झालेल्या 58 हजारांवरील आकड्यात, बहिष्कार टाकून घरी शेगडीजवळ बसलेला आपला पाठीराखाही उपस्थित म्हणून गणला गेला.

मग एप्रिलात ते जाहीर झाले. कराराचे एक वर्ष बाकी असताना वेंगर हंगामाअखेर पद सोडतील असे निवेदन आले. त्याची वेळ आपण ठरवलेली नव्हती, असे वेंगर यांनी सभ्य शब्दांत सुचवले, तेव्हा पाठीराख्याच्या संतापाला सीमा राहिली नाही. बावीस वर्षे सेवा केलेल्या माणसाला असे वागवतात काय, हा त्याचा सवाल होता, आणि तो सवाल विचारताना त्याच्या गॅरेजमध्ये तीन फलक भिंतीला टेकून उभे होते, याचा त्याला प्रामाणिकपणे विसर पडला होता. 6 मे रोजी बर्नलीविरुद्ध घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यात प्रत्येक खुर्चीवर आभाराचे फ्रेंच शब्द छापलेला लाल सदरा ठेवलेला होता. संघ 5-0 असा जिंकला, आणि वेंगर यांनी ध्वनिक्षेपकावरून तुमची आठवण येईल असे सांगितले तेव्हा तो अंगावरच्या शर्टावरून तो सदरा चढवून ओक्साबोक्शी रडत होता. पायघोळ कोटाची झिप लावता लावता हैराण होणाऱ्या वेंगर यांची जी फजिती टीव्हीवर पाहून त्याने कित्येक हिवाळे टर उडवली, तीच आठवून त्याला सर्वांत जास्त गलबलून आले.

त्यानंतरचा काळ त्याला फारसा मानवला नाही. नवे आलेले उनाय एमरी हे मॅनेजर नव्हे, तर मुख्य प्रशिक्षक होते, म्हणजे खरेदी-विक्रीची सत्ता इतरांच्या हाती होती आणि त्यामुळे खापर फोडायला एकच डोके उरले नव्हते. तरीही त्याने जुन्या कौशल्याच्या जोरावर एमरी यांच्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि नोव्हेंबर 2019 मध्ये, म्हणजे अवघ्या दीड वर्षात, क्लबने त्यांना काढूनही टाकले. मागणी इतक्या झटपट मान्य होणे हा त्याला अपमान वाटला. ज्या मागणीसाठी दहा-बारा वर्षे वाद घातले, मित्र तोडले, बायकोच्या माहेरच्यांशी अबोला धरला, तिच्यापुढे हे दीड वर्षाचे प्रकरण म्हणजे निव्वळ पोरखेळ होता. विमान भाड्याने घेण्याइतकीसुद्धा उसंत मिळाली नव्हती.

वेंगर पुढे फिफा या जागतिक संघटनेत फुटबॉलच्या विकासाचे काम पाहू लागले, आणि त्या नात्याने नोव्हेंबर 2023 मध्ये अकादमीच्या उद्घाटनासाठी भुवनेश्वरला आले, तेव्हा आपल्या पुणेकर उपजातीने रजेचे अर्ज भरले. एमिरेट्समध्ये मात्र ते 2018 नंतर बरीच वर्षे पाऊल ठेवेनात. शेवटी 26 डिसेंबर 2022 रोजी, वेस्ट हॅमविरुद्धच्या सामन्याला, ते प्रेक्षक म्हणून आले. मोठ्या पडद्यावर त्यांचा चेहरा दिसताच सारे स्टेडियम उभे राहिले आणि त्यात आपला पाठीराखा सर्वांच्या आधी उभा राहिला. टाळ्या वाजवून हात लाल झाल्यावर तो खाली बसला, शेजारच्या खुर्चीकडे वळला, आणि साडेचार वर्षांत या माणसाला एकदाही इकडे फिरकावेसे वाटले नाही, याबद्दल मध्यंतरापर्यंत न थांबता कुरकुरत राहिला.