टोमॅटो आज तारतो, उद्या मारतो

सकाळी घरच्या ग्रुपवर बातमी येते : टोमॅटो खा, कॅन्सर टाळा. महिन्याभरात दुसरी : टोमॅटो जरा जपूनच. दोन्हींत ‘संशोधकांच्या मते’ आहेच.

मग भाजी करायची कशाची?

२०१३ मध्ये छापून आलेल्या एका निबंधासाठी शोनफेल्ड आणि इओनिडिस या दोन अभ्यासकांनी पाककृतींचं एक पुस्तक उघडलं, त्यातले ५० जिन्नस निवडले आणि त्यांच्या कॅन्सरशी असलेल्या नात्यावर काय छापून आलंय ते धुंडाळलं. ४० जिन्नसांवर निबंध सापडले. चहा, दूध, अंडी, लोणी... बाजूनेही निबंध, विरुद्धही. बहुतेक निष्कर्षांचा संख्याशास्त्रीय आधार तकलादू.

अख्खं फडताळ पिंजऱ्यात!

गेल्या वर्षी आठवड्याला किती अंडी खाल्लीत? सांगा बरं पटकन. अशाच आठवणींवर या अभ्यासांच्या प्रश्नावल्या भरल्या जातात. मग शंभर जिन्नस आणि दहा कॅन्सर यांच्या जोड्या लावत बसायचं. एखादी योगायोगाने जुळतेच. जुळली ती छापून येते, न जुळलेल्या फायलीत पडून राहतात. बढतीसाठी निबंध मोजले जातात ना!

याउलट खात्रीचं काम कसं असतं ते पाहायला आता बार्शीला चला. तिथली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातली पहिली. खेड्यातला रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचेलच असं नाही, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावोगाव फिरतात. कोण आजारी, कोण गेलं, विचारतात, लिहून घेतात. या कामाला मथळा मिळत नाही.

आणि तरीही एका तपासणीने जीव वाचतात का, याचं उत्तर जगाला मिळालं ते याच परिसरातून. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी अभ्यास झाला. आठ वर्षं पाठपुरावा झाला, २००९ मध्ये निबंध आला. ज्या गटाला एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी देऊ केली, तिथे या कॅन्सरने ३४ मृत्यू. ज्या गटाला तपासणीच नव्हती, तिथे ६४.

ही ६४ माणसं होती. त्यांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, हा वाद नंतर झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण निष्कर्ष हाती आल्यावर आपण काय केलं? चाचणी गावोगाव पोचली?

नाही पोचली.

तेव्हा पुढची टोमॅटोची बातमी आली की दोनच गोष्टी विचारा : किती माणसं तपासली, किती वर्षं? उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका. आणि घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईला आजच विचारा, गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे का?