गणपती, दहावी आणि विल्डबीस्ट

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जायचं, यावर आमच्या घरात चहा निवायच्या आत एकमत झालं. नानांनी टीव्हीवर मगरीच्या जबड्यातून निसटलेलं विल्डबीस्ट पाहिलं होतं, आणि मावशीच्या भिशीतली एक बाई ते प्रत्यक्ष पाहून आली होती. दुसरं कारण जास्त जोरदार.

घोडं अडलं तारखेवर. तिथे पंधरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, आणि त्यांच्या सोबतीला दोनेक लाख झेब्रे, पाऊस आणि कोवळं गवत यांच्या मागे वर्षभर गोल फिरत असतात. डिसेंबर ते मार्च दक्षिणेला न्डुटूच्या बाजूला, मग पश्चिमेकडून वर सरकत जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला, मारा नदीपाशी. हे वेळापत्रक आखताना महाराष्ट्रातल्या शाळांचा कुणीही विचार केलेला नाही.

मे महिन्याची सुट्टी म्हणावी, तर तिकडे तेव्हा मोठा पाऊस. रस्त्यांचा चिखल आणि बरेच कँप चक्क बंद. नदी ओलांडणारे कळप बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे गणपती. "आपला सात दिवसांचा गणपती एक वर्ष दीड दिवसाचा केला तर?" असं भाच्याने सुचवून पाहिलं. वहिनींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मारा नदीतल्या मगरींनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी. "आणि गौरी कोण बसवणार? तुझं ते विल्डबीस्ट?"

दिवाळीत कळप उत्तरेतून परत निघालेले, वाटेत कुठेतरी असतात. "म्हणजे एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचायचं," नाना म्हणाले. बँकेत जन्म गेल्यामुळे त्यांना सगळं लेखी लागतं. त्यांनी ट्रॅव्हलवाल्याकडे नदी ओलांडण्याची नक्की तारीख आणि वेळ मागितली. तो बिचारा म्हणाला, "काका, कळप तासन् तास काठावर उभा राहतो आणि कधीकधी तसाच मागे फिरतो." नानांचा प्रश्न तयार होता: "मग आगाऊ रक्कम कशाची घेता?"

'बिग फाइव्ह'ची यादीही त्यांनी तपासून घेतली. सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस, बिबट्या. "वाघ राहिला." आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो, हे कळल्यावर खोलीत शांतता पसरली. एवढे डॉलर मोजून वाघ नाही, आणि ताडोबात तो रस्त्यात आडवा येतो! खरं तर ही यादी जुन्या शिकाऱ्यांची. पायी शिकार करताना जे जिवावर उठतात, ते पाच. बिचारा जिराफ कुणाच्या जिवावर उठत नाही, म्हणून एवढी उंची असूनही यादीत नाही.

शेवटी उरला फेब्रुवारी. तेव्हा न्डुटूच्या माळावर दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं जन्मतात. सिंह, तरस, चित्ते किती खाणार? सगळ्यांनी एकदम जन्मण्यामागे हाच हिशेब. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि थोड्याच वेळात आईबरोबर धावू लागतं, हे भाच्याने वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "आमच्या चिरंजीवांना कॉलेजात असूनही हाक मारून उठवावं लागतं." फेब्रुवारी पक्का झाला. मात्र नातीची दहावी असल्यामुळे वहिनी, दादा आणि नात गळाले. उरलो आम्ही, म्हणजे ज्यांना कसलीच परीक्षा नाही ते.

परीक्षा निघालीच. जाणं नैरोबीमार्गे, त्यामुळे पीतज्वराची लस प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यायची. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. साठीपुढच्यांना आधी डॉक्टरांचा सल्ला. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत बंद झाल्याचा राग अजून उगाळणारे नाना लसीच्या केंद्रावर म्हणाले, "मी काही साठीचा वाटत नाही."

मग सामान. आरुशाहून सेरेंगेटीला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. हातातली पर्स आणि कॅमेरा त्यातच. शिवाय टांझानियात जून २०१९पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी. मावशीचा सगळा संसार पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी असा. तिने दोन रात्री जागून जुन्या परकरांच्या थैल्या शिवल्या. त्सेत्से माशीला निळा आणि काळा रंग ओढून घेतो, हे भाच्याने सांगितलं तोवर नानांनी गडद निळं जाकीट घेतलेलं होतं. "माशीला काय कळतंय," म्हणून ते त्यांनी बॅगेत भरलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅव्हलवाल्याने फोनवर शेवटच्या सूचना दिल्या. कँपला कुंपण नाही. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पडायचं नाही. आस्कारी, म्हणजे तिथला रखवालदार, कंदील घेऊन जेवणाच्या तंबूपर्यंत सोबत येतो. नानांनी हळूच विचारलं, "रात्री दोनदा उठावं लागतं, त्याचं काय?" सोय तंबूतच आहे म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला.

मावशीला मात्र वेगळीच काळजी. "तो रात्रभर बाहेर जागा राहणार? त्याला चिवडा चालतो का विचार."

थैलीत पाऊण किलो चिवडा आणखी गेला, काटा पंधराच्या पुढे सरकला आणि नानांचं जाकीट बाहेर आलं. निळं होतं म्हणून नव्हे. वजनात बसेना म्हणून.