वरचा, खालचा आणि पानाची डावी बाजू

उच्च रक्तदाब हा मुळात अबोल विकार असल्यामुळे त्याच्या वाटचे सगळे बोलणे रुग्णालाच बोलावे लागते, आणि मध्यमवर्गीय मराठी रुग्ण ही जबाबदारी कधीही टाळत नाही. दुखणे, खुपणे, ताप, खोकला यांपैकी काहीच नसताना केवळ एका आकड्याच्या जोरावर आपल्याला आजारी ठरवावे, हे त्याला तत्त्वतःच मान्य नसते. त्यामुळे त्याचे भांडण रक्तदाबाशी न जुंपता यंत्राशी, मिठाशी आणि गोळीशी जुंपते.

हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब तो ‘वरचा’, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैलावते तेव्हा उरणारा तो ‘खालचा’. दोन्ही पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीत नळी घालून तिचे रक्त उभ्या काचनळीत आठ फुटांहून वर चढत असल्याचे पाहिले आणि तो वृत्तान्त १७३३ साली प्रसिद्ध केला. रिवा-रोच्ची यांचा दंडावरचा पट्टा १८९६ साली आला आणि कोरोत्कोव्ह यांनी त्याला १९०५ साली स्टेथोस्कोपची जोड दिली. पट्टा जरा आवळला की कण्हणाऱ्यांनी अधूनमधून त्या घोडीचे स्मरण करायला हरकत नाही.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मापे १४०/९० किंवा त्याहून अधिक भरली, तर सामान्यतः उच्च रक्तदाबाचे निदान होते. (अमेरिकी तज्ज्ञांनी २०१७ साली ही रेषा १३०/८० वर आणली आणि कोट्यवधी धडधाकट माणसे जागच्या जागी रुग्ण झाली.) माप घेण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य असावी, लघवी तुंबलेली नसावी, पाच मिनिटे पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून शांत बसावे, हात हृदयाच्या पातळीवर असावा, असे शास्त्र सांगते. हे सगळे एक वेळ साधते. या काळात बोलू नये, ही अट मात्र साधत नाही, कारण नेमक्या याच पाच मिनिटांत सौभाग्यवती रुग्णाचे लोणचेविषयक वर्तन डॉक्टरांच्या कानावर घालत असतात आणि त्यावर खुलासा करणे रुग्णाला भाग पडते. घरी बरा असलेला दाब दवाखान्यात वाढतो, त्याला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात. तो कोटामुळे किती आणि खुलाशामुळे किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

मिठाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ मंजूर करते, आणि मराठी ताटाची तर संपूर्ण डावी बाजू मीठ, लोणचे, चटणी यांच्या नावे लावलेली असते. रुग्ण पानातले वरचे मीठ सोडतो, या त्यागाची वार्ता नातेवाइकांत फिरते, आणि त्या पुण्याईवर तो दोन पापड, कुरडई आणि फरसाणाची वाटी निःशंकपणे संपवतो. काही जण सैंधवाकडे वळतात. सैंधवही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली जात नाही. वजन किलोभर घटले की वरचा आकडा सरासरी एका मिलिमीटरने उतरतो, म्हणून चालायला सांगितले जाते; रुग्ण चालतोही, पण फेरीचा मार्ग कोणत्या वडापावच्या गाडीवरून जावा, हे शास्त्राने स्पष्ट केलेले नाही.

गोळीविषयीचा मुख्य आक्षेप ‘एकदा लागली की कायमची लागते’ असा असतो, जणू चष्मा चार महिन्यांत सुटतो. गोळी दाब आटोक्यात ठेवते, बहुधा मुळापासून उपटत नाही. म्हणून आकडा सुधारल्याच्या आनंदात ती परस्पर बंद केली की आकडाही परततो. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. अशा वेळी डॉक्टर गोळी बदलू शकतात, पण रुग्ण डॉक्टर बदलतो. झाडपाल्याची ओढ असणाऱ्यांसाठी इतिहासात सोय आहे: मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उपयोग १९४९ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून वेगळे काढलेले रिसर्पिन गाजले, पण त्याने नाक चोंदते आणि काहींचे मनही खचते असे दिसल्यावर, आणि नवी औषधे हाताशी आल्यावर, ते मागे पडले.

घरगुती यंत्राने या सर्व वादांना नवे रणांगण दिले आहे. मिनिटभराच्या अंतराने दोन-तीन मापे घेऊन त्यांची सरासरी काढावी, हा नियम रुग्ण आपल्या पद्धतीने पाळतो: पहिले १५८ जिना चढल्यामुळे बाद, दुसरे १५० फोन वाजल्यामुळे बाद, आणि तिसरे १३८ वहीत सुवाच्य अक्षरांत. बाद ठरवलेले आकडेही यंत्र आपल्या पोटात साठवून ठेवते, हे त्याला उशिरा कळते. म्हणून डॉक्टरांनी वही बाजूला सारून ‘मशीन आणलंय का?’ असे विचारले, की ते नेमके कालच शेजाऱ्यांनी नेलेले असते.