तोंड नसलेला राजपुत्र

दिवाणखान्यात टांगायला क्नोसॉसच्या राजपुत्राइतका देखणा पाहुणा शोधून सापडणार नाही. बारीक कंबर, रुंद छाती, डोक्यावर लिलीची फुलं आणि पिसं खोवलेला मुकुट. मांजरपाटावर रंगवून वरखाली काठ्या ओवल्या की कुठल्याही भिंतीला शोभतो. त्याच्यात उणं एकच. त्याला तोंड नाही.

क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्याच्या उत्खननात १९०१ साली या भित्तिचित्राचे सापडले ते मुकुटाचे, धडाचे आणि पायाचे काही तुकडे. हा पुरोहित-राजा, असं उत्खनन करणाऱ्या आर्थर एव्हान्सनं ठरवलं आणि त्याच्या पदरच्या जिलिएरों नावाच्या चित्रकार बापलेकांच्या हातून उरलेलं अंग भरून निघालं. नंतरच्या अभ्यासकांना शंका आली की मुकुट भलत्याच कुणाचा असावा आणि धड एखाद्या मुष्टियोद्ध्याचं. थोडक्यात, तीन घरची तीन माणसं एका पत्रिकेत बसवून जमवलेलं हे स्थळ. दिसायला चांगलं, म्हणून मोडवत नाही इतकंच.

क्नोसॉसचं हे असंच आहे. केशराची फुलं वेचणारा एक निळा मुलगा तिथं सापडला होता. पुढं कुणीतरी नीट पाहिलं, तर ते माकड निघालं. राणीच्या महालातले डॉल्फिन भिंतीवर पोहताना आपण फोटोत पाहतो. ते मुळात जमिनीवर रंगवलेले असावेत, असं आता बऱ्याच जणांना वाटतं. तेव्हा डॉल्फिनचं कापड भिंतीवरून काढून कुणी सतरंजीसारखं अंथरलं, तर त्याला हसू नये. पुराव्याच्या तो अधिक जवळ असेल.

आमच्या घरी ही भित्तिचित्रं कापडावर उतरवण्याचा उद्योग माझ्या धाकट्या बहिणीचा. मूळचे चित्रकार चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरायचे, म्हणजे रंग चुन्याबरोबर वाळून भिंतीचाच होऊन जाई. काठाच्या रेघा सरळ याव्यात म्हणून ओल्या गिलाव्यावर ताणलेली दोरी दाबत. तिचे वळ अजून दिसतात. कापडाचं दुखणं वेगळं. ते रंग पितं, आणि रेघ फुटते. म्हणून बहीण आधी खळ देते, रंग वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री फिरवते आणि घरातल्या बाकीच्यांचे कपडे तसेच चुरगळलेले राहतात. काठाची वेटोळी काढताना तिच्याशी बोलायची सोय नाही. पहिल्या वेटोळ्यापासून हिशेब चुकला, तर कोपऱ्यात शेवटच्याला अर्ध्या जागेत अंग चोरून बसावं लागतं.

रंग मात्र मोजके. गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि तांबं व वाळू एकत्र भाजून केलेला इजिप्ती निळा. एवढ्यावर त्या लोकांनी समुद्र उभा केला. बहिणीकडे रंगांच्या दोन पेट्या आहेत आणि तिला सतत एक रंग कमी पडतो.

सँटोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीचा कोळ्याचा पोर तिनं काढला, तेव्हा घरात चर्चा झाली. दोन्ही हातांत माशांच्या माळा आणि अंगावर एक चिंधी नाही. आत्या पाहून म्हणाली, “अगं, याला निदान लंगोट तरी घाल.” मासे ताजे दिसतात, हे मात्र तिनं मान्य केलं. बहिणीनं लंगोट घातला. मी काही बोललो नाही. एव्हान्सनं क्नोसॉसच्या अवशेषांवर काँक्रीटचे मजले चढवले, हिनं चार बोटं कापड चढवलं.

त्याच गावच्या भिंतींवरल्या निळ्या माकडांना मात्र आत्यानं लगेच आपलं म्हटलं. काही वर्षांपूर्वी वानरांच्या अभ्यासकांनीही तेच म्हटलं. शेपटी वर वळवून धरायची ती ऐट आपल्याकडच्या वानराची, म्हणजे हनुमान लंगुराची आहे. सिंधूकाठाहून व्यापाराच्या वाटेनं ही ओळख तिथवर गेली असावी, असा त्यांचा तर्क. दुसरे अभ्यासक म्हणतात, छे, ही आफ्रिकेतली माकडं. वाद मिटलेला नाही. आत्याच्या लेखी मिटलाय.

अक्रोतिरीवर माझा जीव जरा जास्त आहे. इ.स.पू. १६००च्या सुमारास ज्वालामुखीची राख पडली आणि भिंती जपल्या गेल्या. तिथल्या एका खोलीच्या तीन भिंतींवर लाल लिली डोलतात, वर पाकोळ्या चोचीला चोच भिडवतात, आणि हे सगळं खुद्द त्या काळच्या हाताचं. आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. तेव्हा कापड आणि कुंचला घेऊन बसणार असाल, तर सुरुवात या लिलींपासून करा. राजपुत्रच हवा असेल, तर त्याच्या चेहऱ्याची फार चिंता करू नका. जागा रिकामीच आहे, घरातला एखादा देखणा भाचा बघून बसवून टाका.