चटईसर

गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी गेलं की लोक महापालिकेच्या नावानं बोटं मोडतात. चटईसर १८९६ सालच्या प्लेगपर्यंत जातात.

कुणी जिन्यात सहज विचारतं, "सर, आज पाणी लवकर गेलं का हो?" की सर चष्मा कपाळावर चढवतात. "असं बघा, १८९६ ला प्लेग आला. दोन वर्षांनी सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दाटीच्या वस्त्या पाडल्या. आता मला सांगा, पाडलेल्या घरातली माणसं कुठे गेली?" विचारणारा हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघत असतो. ती माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटी करून राहिली, हे उत्तर सर स्वतःच देतात. तिथून ते वीसच्या दशकातल्या बीडीडी चाळींवर येतात, आणि १६० चौरस फुटांच्या खोलीपाशी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीच्या पाण्याची वेळ झालेली असते.

सर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. शहरं, घरं आणि सरकारी धोरण हा त्यांचा विषय. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. 'चटईसर' हे नाव त्यांना चाळीच्या गणपतीत पडलं. पाककृती स्पर्धा आणि फॅन्सी ड्रेस यांच्यामध्ये वीस मिनिटं रिकामी होती, ती मंडळानं सरांना दिली. मंडळाची कल्पना अशी, की अर्थतज्ज्ञ माणूस आहे, पैसे कुठे गुंतवावेत ते सांगेल. सरांनी विषय निवडला एफएसआय. त्याला सरकारी मराठीत 'चटई क्षेत्र निर्देशांक' म्हणतात. सरांनी मांडवातल्या बायकांना उठवून चटयाच मागितल्या.

एक चटई पूर्ण अंथरली. "हा प्लॉट. यावर प्लॉटभर एक मजला बांधला, की निर्देशांक एक." मग दुसरी चटई अर्धी दुमडून तिच्यावर ठेवली, तिसरी दुमडून त्यावर. "अर्ध्या प्लॉटवर दोन मजले. निर्देशांक किती? तरीही एकच!" आणखी दोन घड्या रचल्या. "चार मजले, निर्देशांक दोन. मुंबई शहराला १९९१ च्या नियमावलीनं दिला १.३३, उपनगराला नुसता एक. मॅनहॅटनमध्ये तो पंधरापर्यंत जातो." एवढ्यात फॅन्सी ड्रेससाठी लोकमान्य टिळक झालेला तळमजल्यावरचा पोरगा पगडी सांभाळत आला आणि सगळ्यात वरच्या घडीवर मांडी घालून बसला. सर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि हे अनधिकृत."

टाळ्या टिळकांना पडल्या.

पहिल्या मजल्यावरच्या नानांनी मात्र शंका काढलीच. "सर, चटया वाढवल्या की माणसं वाढणार. आत्ताच वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही." नानांचा नळ त्या आठवड्यात खरोखरच खोकत होता, त्यामुळे मांडव त्यांच्या बाजूचा झाला. सरांनी उत्तर दिलं ते मी अजून विसरलेलो नाही. "नाना, माणसं चटई बघून मुंबईत येत नाहीत, काम बघून येतात. चटई कमी पडली म्हणून कोणी परत जात नाही. आखडून झोपतो." नळाचं काय करायचं, ते सरांनी सांगितलं नाही. ते जलअभियंता खात्याचं काम, म्हणाले. अर्थशास्त्रज्ञाची हद्द कुठे संपते ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. नेमकी आपली अडचण सुरू होते तिथे.

सरांच्या कपाटात देवाच्या तसबिरीखाली धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे केलेल्या पुण्याच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग आहेत, एक १९४५ चा, दुसरा १९५२ चा. घरोघर माणसं पाठवून, कुटुंबाकुटुंबाची विचारपूस करून एक अख्खं शहर कागदावर उतरवता येतं, याचं सरांना अजून अप्रूप आहे. त्या पुस्तकांना ते काकूंना हात लावू देत नाहीत. हल्लीचे लोक संगणकावर आलेख काढून शहर समजल्याचं सांगतात, ते त्यांना पटत नाही. "दार ठोठावा," ते म्हणतात. "आत जा. आणि एकच प्रश्न विचारा. रात्री कोण कुठे झोपतं? उत्पन्न लोक चोरतात, वय चोरतात, भाडं तर चोरतातच. अंथरूण चोरता येत नाही."

हा प्रश्न ते खरोखरच सगळीकडे विचारतात, आणि त्याचा मला व्यक्तिशः ताप झालेला आहे. माझ्या पुतणीचं जमत होतं, तेव्हा मुलाकडे जाताना वडीलधारं माणूस हवं म्हणून दादानं सरांना सोबत घेतलं. डोंबिवलीला वन बीएचके. घरात आईवडील, आजी, मुलगा आणि त्याचा धाकटा भाऊ. पोहे आले. मुलगा नोकरीबद्दल बोलला, दादा गावच्या घराबद्दल बोलला. सरांनी पोह्यांवरचं लिंबू पिळलं, बी बाजूला काढली आणि विचारलं, "रात्री कोण कुठे झोपतं?"

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मुलाची आई म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे आजी कुठे, धाकटे चिरंजीव कुठे? आणि लग्नानंतर हे दोघं कुठे?"

दादाला ठसका लागला. मुलाच्या वडिलांनी वर्तमानपत्राची घडी नीट केली, मग उलगडली, मग परत केली. तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला: "विचारलं बाई कुणीतरी! मी वर्षभर सांगतेय, आधी जागा बघा!" लग्न झालं, पण आठ महिन्यांनी, मुलानं बदलापूरला भाड्याची जागा घेतल्यावर. पुतणी दर दिवाळीला सरांना चकल्या पाठवते. आम्हाला नाही पाठवत.

आता भाड्याचं. हा प्रकार नाजूक आहे.

आमची चाळ १९४० च्या आधीची. दुसऱ्या महायुद्धात मुंबईची भाडी भडकली, तेव्हा सरकारनं ती बांधून ठेवली. मग १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हीच प्रमाण पातळी मानली आणि ती पुढे पन्नासएक वर्षं हलली नाही. १९९९ चा नवा कायदा आला तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढवायची मुभा मालकाला मिळाली. त्या हिशेबानं सर आज महिना ११२ रुपये भरतात. त्यात दोन माणसांचा धड नाश्ताही होत नाही. सर गेली चाळीस वर्षं भाडेनियंत्रणाच्या विरोधात लिहीत आणि बोलत आलेत. भाडं गोठलं की मालक दुरुस्ती करत नाही, नवा माणूस भाड्यानं द्यायला घर बांधत नाही, आणि भाड्याऐवजी पागडी नावाचा प्राणी जन्माला येतो, हे ते आकृती काढून दाखवतात. व्याख्यानाच्या शेवटी खिशातून पावती काढून वर धरतात. "मी या कायद्याचा विरोधक आहे आणि लाभार्थीही आहे. दोन्ही नोंदवून घ्या."

एवढ्यावर थांबले असते तर आम्ही त्यांना प्रामाणिक म्हणून सोडून दिलं असतं. पण एका महिन्यात सर भुलेश्वरला मालकाच्या पेढीवर गेले आणि ११२ च्या जागी ३००० रुपये पुढे ठेवले. बाजारभाव परवडत नव्हता, म्हणून जमेल तेवढे. मी सोबत होतो. पेढीवरच्या मेहताजींनी नोटा मोजल्या, परत मोजल्या आणि सरांकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू समोर साध्या वेशातला पोलीसच उभा आहे.

"साहेब, हे शेनं?"

"भाडं. जास्त देतोय. स्वखुशीनं."

मेहताजींनी ड्रॉवरमधून चष्मा काढला. "जास्ती भाडा घेणं गुन्हा हाय, साहेब. शेठला आत घालायचा विचार हाय काय तुमचा?"

ते खरंही होतं. प्रमाण भाड्यापेक्षा जास्त घेणं कायद्यानं गुन्हाच आहे. सर कायद्यातलं कलम विसरले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मेहताजींनी ११२ रुपये वेगळे काढले, उरलेले परत ढकलले आणि पावतीवर शिक्का असा मारला, की आमच्यापुढचे पेले हलले. इकडे चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. रात्री तातडीची सभा. "सरांनी रेट बिघडवला," असा ठराव तोंडी मंजूर झाला. नानांनी सरांकडून पेपर मागून नेणं महिनाभर बंद केलं. मालक आणि भाडेकरू यांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं माझ्या हयातीत तेवढंच: सरांनी ११२ च भरायचे.

गॅलरीचं उत्तरेकडचं टोक लाकडी टेकूंवर उभं आहे. परदेशातून कोणी अभ्यासक आला, की सर त्याला राजाबाई टॉवर दाखवत नाहीत, टेकू दाखवतात. मालकाला भाडं नाही म्हणून मालकाची दुरुस्ती नाही, म्हणून १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा, म्हणून आमच्या माथी उपकर. कागदोपत्री आम्ही 'उपकरप्राप्त इमारत' आहोत. नाना कायम 'उपकारप्राप्त' वाचतात, आणि सर त्यांना कायम दुरुस्त करतात. मला नानांचं वाचन जास्त बरोबर वाटतं.

सरांची दुसरी खोड म्हणजे दिवे मोजणं. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी निघाली, हा आकडा त्यांच्या डोक्यात जाऊन बसलाय. ज्या शहरात चाळीस टक्क्यांच्या वर माणसं झोपडपट्टीत राहतात, तिथे कुलूपबंद घरं कोणती, ते डोळ्यांनी बघायचं म्हणून ते रात्री जेवून निघतात आणि लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांखाली उजळलेल्या खिडक्या मोजतात. एकदा मीही गेलो. सर मान मागे टाकून "एकवीस, बावीस" करत होते, माझ्याकडे वही. सुरक्षारक्षक आला.

"किसके यहाँ जाना है?"

सर मान खाली न करता म्हणाले, "किसी के यहाँ नहीं. वही तो गिन रहे हैं."

त्याला ते कळलं नाही आणि आम्हाला फुटपाथ बदलावा लागला. बत्तिसाव्या मजल्यापर्यंत हिशेब आला होता, तो वाया गेला. परत येताना सर रागावलेले नव्हते. लोक घर भाड्यानं द्यायला का घाबरतात, भाडेकरू निघालाच नाही तर, ही मेहताजींच्या पिढीची धास्ती अकरा महिन्यांच्या करारात अजून कशी वस्तीला आहे, ते मला चर्नी रोडपर्यंत समजावत आले.

मग सरांनी स्वतःचं घर का नाही घेतलं, हा प्रश्न त्यांना विचारू नये. काकूंना विचारावा. "भाव पडणार होते ना!" काकू म्हणतात. आणि गंमत अशी, की भाव खरंच पडले. नव्वदच्या दशकात जागांचे भाव असे चढले, की १९९५ च्या सुमारास नरिमन पॉइंटची ऑफिसभाडी जगात पहिल्या रांगेत जाऊन बसली. सर म्हणाले, हा फुगा आहे, फुटणार. आणि फुटला. कॉलेजात त्यांचा सत्कार व्हायचा तेवढा राहिला. काकूंनी बोरिवलीला दोन जागा बघून ठेवल्या. सर म्हणाले, थांब, अजून पडतील. ते तळ बघायला वाकले ते वाकलेलेच राहिले, आणि भाव त्यांच्या डोक्यावरून निघून गेले. "ह्यांचं भाकीत चुकलं असतं तर बरं झालं असतं," काकू म्हणतात. "वेळेवर घाबरून घर घेतलं असतं."

त्यामुळे सर, काकू, मुलगा, सून आणि नात अजून त्याच खोलीत आहेत. चाळीच्या पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे. आमच्याकडे ते नेहमीच चालू असतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

परवा मात्र एक झालं. कुठल्याशा विद्यापीठाची एक मुलगी चाळीत पाहणीला आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. नळ कुठे, संडास सामायिक का, खोली किती फुटांची, असं दारोदार विचारत ती सरांच्या दाराशी आली. सरांनी तिला खुर्ची दिली, प्रश्नावली मागून घेतली आणि पेन्सिल काढली. तिसरा प्रश्न दिशाभूल करणारा आहे, सातवा दोन प्रश्नांचा मिळून केलाय, आणि मुख्य प्रश्न तर नाहीच, असं सगळं सांगून झालं. गाडगीळांचे दोन्ही भाग कपाटातून बाहेर आले. मुलगी शहाणी होती, ऐकून घेत होती.

"मुख्य प्रश्न कुठला, सर?"

"रात्री कोण कुठे झोपतं!"

तिनं टॅबवर काहीतरी टाइप केलं आणि मान वर केली. "मग सांगा ना. तुमच्याकडे कोण कुठे झोपतं?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता प्लेग. पण त्यांनी चष्मा परत खाली घेतला, पुसला, परत लावला. दाराच्या चौकटीला नात लटकत होती, तिच्याकडे बघितलं. आतून काकूंचा आवाज आला, भाजीला फोडणी पडत असताना येतो तसा, थोडा वरच्या पट्टीतला.

"मी आणि नात ओट्याजवळ. मुलगा-सून पोटमाळ्यावर. आणि हे बाहेर गॅलरीत, चटईवर."

मुलगी टाइप करत होती. "गॅलरीत म्हणजे किती जागा धरू, सर?"

"सहा बाय तीन," सर म्हणाले. "अठरा चौरस फूट." मग पुढे वाकून टॅबमध्ये बघत घाईघाईनं, "पण गॅलरी सामायिक आहे हं. माझ्या क्षेत्रात धरू नकोस."