ड्रुपलची क्वेरी नव्याने लिहा: होतकरूंसाठी पाच सोप्या पायऱ्या

साहित्य: ड्रुपल ६ वर बिनबोभाट चालणारी एक साइट, शुक्रवारची संध्याकाळ आणि दांडगा आत्मविश्वास. बॅकअप आवडीप्रमाणे.

१. डीबी_क्वेरी शोधा. आत %डी, %एस अशी खुणांची जुनी मंडळी भेटतील. ड्रुपल ७ (२०११) पासून तिथे :एनआयडी, :टायटल असे नाव असलेले प्लेसहोल्डर आले. सरसकट बदला, पण %एसभोवतीची अवतरणचिन्हं मात्र जपा. अवतरणांत बसला की प्लेसहोल्डर नुसता मजकूर होतो. दिलेलं मूल्य गेलं कुठे, हे शोधण्यात रात्र छान जाते.

२. टेबलाच्या नावाभोवतीचे महिरपी कंस काढून टाका, डोळ्यांत खुपतात. त्यांच्या जागी ड्रुपल टेबलांचा प्रीफिक्स जोडतो. तुमच्या लॅपटॉपवर प्रीफिक्सच नाही, म्हणजे काम फत्ते! एकाच डेटाबेसात दोन साइट नांदवणाऱ्या क्लायंटचं तो बघून घेईल.

३. आता डीबी_सिलेक्ट घ्या आणि बाण जोडत एका दमात सगळं लिहा: फील्ड्स, जॉइन, कंडिशन. फील्ड्स क्वेरी परत देतं, जॉइन मात्र टेबलाचं टोपणनाव हातावर ठेवतं. त्या टोपणनावावर कंडिशन लावली की फेटल एरर. निदान हा चोर आरडाओरडा करून येतो.

४. डीबी_रीराइट_एसक्यूएल ही अडगळ फेका. ड्रुपल ७ मध्ये तिचं काम 'नोड_अ‍ॅक्सेस' हा टॅग करतो; तो लावायला विसरा. क्वेरी सुटसुटीत दिसेल आणि मोजक्यांसाठी राखलेले लेख सगळ्या गावाला. तपासणी अ‍ॅडमिन होऊनच करा, त्याला तसंही सगळंच दिसतं.

५. नवा एपीआय आला, आता सुरक्षेची काळजी त्याला. १५ ऑक्टोबर २०१४ ची गोष्ट कुणी काढली तर विषय बदला. प्लेसहोल्डरला अ‍ॅरे दिला की त्याच्या कीज तशाच एसक्यूएलमध्ये जात होत्या, तेही क्वेरी सुरक्षित करायला लिहिलेल्या कोडमधून. ७.३२ मध्ये अ‍ॅरे_व्हॅल्यूज लावून एका ओळीत भोक बुजवलं. पण हे भोक जाहीर झाल्यापासून सात तासांत पॅच न केलेली साइट फुटली असंच समजा, असं ड्रुपलच्या सुरक्षा टीमनेच पुढे जाहीर केलं.

विशेष सूचना: ओळ पुसण्याआधी 'ही इथे कशाला असेल?' असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना या पुस्तिकेचा काडीचाही उपयोग नाही. त्यांनी पैसे परत घेऊन जावेत.