साहेबांची खासगी बाब

सरकारी नोकराला खासगी आयुष्य असते, हे नागरिकाला मान्यच आहे. तक्रार एवढीच, की ते कार्यालयीन वेळेतही चालू असते. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने खासगीपणा उघडा टाकला नव्हता. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण घरात डोकावणारी माहिती आठव्या कलमाखाली नाकारता येई. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या अटी कापल्या आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण पुरेसे ठरवले. आता साहेबांच्या दौऱ्याचे बिलही वैयक्तिक म्हणता येईल. त्यावर त्यांचे नाव आहे ना!

घरचा पत्ता, आजारपण, बँक खाते खणून छळणारे अर्जदार असतात, हा आक्षेप खराच. पण तेवढ्या ओळींवर काळी पट्टी ओढून बाकीचा कागद देण्याची सोय माहिती अधिकार कायद्याच्याच दहाव्या कलमात पहिल्यापासून आहे. त्यासाठी अख्खी फाइल कपाटात कशाला? व्यापक जनहित असेल तर माहिती आजही देता येते, असे सरकार सांगते. येते की! फक्त ते जनहित पुरेसे व्यापक आहे का, हे आधी ठरवणार शेजारच्या टेबलावरचे जन माहिती अधिकारी. गंमत म्हणजे चौथे कलम शाबूत आहे: प्रत्येक कर्मचाऱ्याचा मासिक पगार कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचा. म्हणजे साहेबांना महिन्याला किती मिळतात हे जगजाहीर, आणि त्यासाठी ते खुर्चीवर किती वाजता येऊन बसले, ही मात्र त्यांची खासगी बाब.